शिवण मंडळाची खुर्ची कोणाच्या हद्दीत?

३ जानेवारी १९५७
आजपासून कासारवाडी महिला शिवण मंडळात क्रांती. पुण्यात मुलींचं बोर्डिंग मी रिटायर होईपर्यंत शिट्टीवर चालवलं. या चार बायका काय चीज आहेत! मंडळ म्हणजे सध्या निव्वळ बाजार. नियम लिहायला घेतले. अध्यक्ष मीच, हे सांगायला नको. पण कॉन्व्हेंटात शिकलेलं माणूस रीतीनं वागतं, म्हणून मतदान ठेवलं.

१० जानेवारी
नियम तयार. सर्वांनी अंगठे, सह्या दिल्या. कटिंग, शिलाई, काजं-बटणं अशी तीन डिपार्टमेंटं. नवीन बाईनं सहा महिने काजंच करायची. वेळ सकाळी दहा. कुठल्याही तक्रारीचा निकाल अध्यक्ष देतील. कोर्टाची पायरी कुणी चढायची नाही. हे शेवटचं कलम फार सुंदर उतरलंय. दोनदा वाचलं.

१७ जानेवारी, सकाळी ११
दहापासून मी एकटी. मंडळातली रंभा नुसती डोकावली. म्हणे, बाई, मालकांची दुसरी पाळी हाय, जेवून गेल्याबिगर आमाला कुठली सुटका? तीनच्या भोंग्याला येतो की.
कारखान्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या बायका! डिसिप्लिन कशाशी खातात, ठाऊक नाही.

२ फेब्रुवारी
मतदान झालं. मला एक मत, बाकी सगळी कौशल्याबाईला. ते एक कुणाचं, हे विचारणं असभ्य.
ही कौशल्याबाई चौथी पास, चाकणची, माझ्या परसामागे राहते. पहिला हुकूम: मंडळ तीनच्या भोंग्याला. मी अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठलेच नाही. तिनं शेजारी पाट मांडला आणि पाटावरून सभा चालवली. निर्लज्जपणा.
केस करणार.

५ फेब्रुवारी
गावच्या न्यायपंचायतीत गेले. पंच दौलतराव तंबाखू मळत म्हणाले, बाई, कुणाची शेळी कुणाच्या रानात शिरली तर या. खुर्चीवर कोण बसावं, ते आमच्या हद्दीत न्हाई. मी म्हटलं, खुर्ची कासारवाडीतच आहे. म्हणाले, मग उचलून घरी न्या.
अडाणी. वरच्या कोर्टात जायचं.

१३ फेब्रुवारी
एस.टी.नं खेडला. विचार पक्का केला होता: कौशल्याबाईचं माहेर चाकण, चाकण खेड तालुक्यात, म्हणजे तिच्यावरची केस खेडच्या कोर्टात. माणूस जन्मतं तिथलंच असतं.
कारकुनानं पान चघळत विचारलं, त्या बाई हल्ली राहतात कुठं? म्हटलं, माझ्या परसामागे. म्हणे, मग इकडं धूळ खायला कशाला आलात? भांडण तिथलं, माणसं तिथली, पुण्याला जा.
कोर्टात असली माणसं ठेवतात! अंबाडा धुळीनं पांढरा झाला. आधी इतका नव्हता.

२० फेब्रुवारी
पुणे. वकील उद्धवराव, माझ्या बोर्डिंगमधल्या एका मुलीचे वडील. नियम वाचले, कुणी लिहिले विचारलं. अभिमानानं सांगितलं. म्हणाले, भाषा सुरेख आहे. पण जज्ज पहिला प्रश्न हाच विचारतील, की अध्यक्षांकडे दाद मागितली का? तुमचंच कलम आहे. आधी तिकडे जा.
म्हटलं, अध्यक्ष मीच. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

२३ फेब्रुवारी, दुपारी ३
निव्वळ उपचार म्हणून गेले. उभ्यानं तक्रार मांडली. कौशल्याबाईनं कात्री खाली ठेवून सगळं ऐकलं. निकाल: मतदान खरं. बाईंना मंडळाबाहेर काढायचं नाही. पण बाईंनी आजवर मशीनला हात लावलेला नाही, म्हणजे बाई नवीन. नवीन बाईला काजं.
रंभा म्हणाली, व्हय, सहा महिनं. तुमीच लिवलंय की, बाई.
अपील कुणाकडे, विचारलं. तेही अध्यक्षांकडेच.

२४ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. माझ्यावाचून यांचं चालत नाही, हे अखेर कबूल केलं म्हणायचं. एक अख्खं डिपार्टमेंट माझ्या ताब्यात. डिपार्टमेंटात मी एकटीच, म्हणजे डिसिप्लिनचा प्रश्नच नाही.

२६ फेब्रुवारी
भोंग्याआधीच जाऊन बसले. पाटावर. खुर्चीवरून सुईचं नेढं नीट दिसत नाही.
कौशल्याबाईंनी माझी सगळी काजं उसवली. म्हणाल्या, बाई, यातून बटण जाईना. परत करा.
केली.