एका फोनवर चार नावं

मंगरूळपीर
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुचिताताईस,

गजेंद्रचा नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. जगदेव भाऊजींची कंबर आता कशी आहे? पत्र बघून चकित होशील, पण तुमच्या घरातला एकुलता एक फोन रुचिकाच उचलते, आणि हे तिला तुझ्याआधी कळायला नको. म्हणून खेमाच्या भाजीच्या गाडीतून पाठवतोय.

कॉलेजनं यंदा माझे तास फोनवर आणले, तेव्हापासून माझा कुणावर विश्वास राहिला नाही. व्याख्यानं एकदा भरून घेतली की मला नारळ देतील, असं वाटत होतं, अजून वाटतं. त्यात हजेरीही कॉम्प्युटर लावतो. ज्या नावानं व्याख्यान शेवटपर्यंत चाललं, ते नाव हजर. रोज पहाटे तुमच्या त्या एकाच फोनवरून रुचिकासकट चार मुली लागोपाठ हजर दिसायला लागल्या. एक फोन लावून ठेवते आणि बाकीच्या झोपतात, हे मी मनाशी पक्कं केलं.

चौघींचे परीक्षेचे फॉर्म कॉम्प्युटरनं अडवले, असं तुला सांगितलं होतं.

मंगळवारी तू बाजाराला गेलीस तेव्हा मी मळ्यात येऊन गेलो. चोरी पकडायलाच आलो होतो. चौघी मेथीच्या जुड्या बांधत होत्या, फोन पालथ्या क्रेटवर, आणि माझं तेच व्याख्यान तिसऱ्यांदा चालू. फॉर्म अडलेला असूनही. मी म्हटलं, एकदा ऐकलं, आता बाकीच्या नावांना नुसतं चालू ठेवून उठायचं ना.

"तशानं लबाडी होते ना मामा," रुचिका म्हणाली. "नाव योगिनीचं असो का कोनाचं, चारी डाव आमी बसूनच आयकतो."

मग व्याख्यानातलं माझं पुढचं वाक्य तिनं माझ्याआधी म्हणून दाखवलं, मी मध्ये कुठे खोकलो तेसुद्धा. पोरी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना तिनं विचारलं, "मामा, कॉम्प्युटरले आमच्यावरच शक काहून आला?" मी गाडीला किक मारली.

ताई, कॉम्प्युटरनं काही अडवलं नाही. तक्रार मी लिहिली. भाचीला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, म्हणून रुचिकाचं नाव सगळ्यांत वर घातलं. एका शब्दानं तिला आधी विचारलं नाही.

शनिवारी फॉर्मची शेवटची तारीख आहे. तक्रार चुकीची होती, असा माझ्या सहीचा जबाब या पाकिटात आहे. माझ्या हाती राहिला तर नोकरीच्या भीतीनं मी तो खिशातून काढणारच नाही, असा मला माझाच संशय आहे. म्हणून तूच ये आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेव. मी तिथे असेन. माझ्याकडे बघू नकोस.

तुझ्या लेकीचं नाव सगळ्यांत वर लिहिणारा
तुझा भाऊ,
गजेंद्र