बारक्याचं खूळ

प्रिय बारक्या,

सात महिने झाले, फोन उचलत नाहीस. आईला मध्ये घालावं तर ती म्हणते, तुमचं तुम्ही बघा. म्हणून हे पत्र. फाडायचं तर खुशाल फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

इथे माझं डोकं फिरायची वेळ आली होती. तोच आपला कंपनीतला, रेडिओ-लहरी गाळणारा फिल्टर. आतून चांदीचा मुलामा दिलेली ती ॲल्युमिनियमची पेटी, तिचे आठ कप्पे, प्रत्येकात एक सळी. पूर्वी तू पेचकसाने सळी केसभर आत-बाहेर करायचास, मोजणीयंत्राच्या पडद्यावरची रेघ हवी तिथे आली की नट आवळायचास. मग ती पेटी जन्मभर तेवढ्याच लहरी पलीकडे सोडणार, बाकीच्यांना दार बंद. आता गिऱ्हाइकाला एकच पेटी सहा वेगवेगळ्या लहरींसाठी, म्हणजे सळ्यांच्या सहा जागांवर, चालायला हवी, बटण दाबलं की इकडून तिकडे. म्हणून मी सळ्यांना मोटारी लावल्या. मोठ्या हौसेने! आणि त्या मोटारींनी माझा जीव खाल्ला.

सळी पहिल्या जागेवरून तिसऱ्या जागी नेली की रेघ सुरेख. सहाव्यावरून तिसऱ्या जागी परत आणली की बाजूला सरकलेली. तोच आकडा, तीच सळी, आणि ही तऱ्हा! गिऱ्हाइकासमोर चाचणीत हेच झालं. सळ्यांची सुरुवातीची जागा तू हाताने लावली होतीस, म्हणून अहवालात मी लिहिलं की दोष हाताच्या जुळवणीत आहे, आणि खाली सही ठोकली. तू एवढंच म्हणालास की ताई, सळी कुठल्या बाजूने येते ते एकदा बघ. मला वाटलं, सबबी सांगतोय. साहेबांनी तुला घरी बसवलं आणि मी खाली मान घालून डबा खात बसले.

पण तूही काही कमी नाहीस हं! एरवी कुणी तुझा पेचकस हलवला तर दिवसभर कटकट करणारा तू, त्या दिवशी मिठाची गुळणी धरून बसलास. टेबलावर हात आपटून मला चार गोष्टी सुनावायला काय झालं होतं? मोठी बहीण म्हणून गप्प राहिलास म्हणे. आईने सांगितलं. असला मान काय चुलीत घालायचाय?

मग मी मोटारी बदलल्या. तुझ्या जागी आलेल्या मुलीने सळ्या नव्याने लावल्या, बिचारी रडकुंडीला आली. रेघ सरकायची ती सरकतच राहिली. गेल्या रविवारी वैतागून आईकडे गेले. ती जुना रेडिओ लावत होती. काटा स्टेशनच्या पुढे नेला आणि मागे आणला. असं का, विचारलं तर म्हणाली, बारक्याने शिकवलंय, आतली दोरी सैल आहे, नेहमी एकाच बाजूने यायचं. अरे, याच्यासाठी मी तुला लहानपणी टपल्या मारायचे, सरळ लाव की म्हणून! पेचकसानेही तू असंच करायचास, आधी सळी जास्त बाहेर, मग आत. आम्ही सगळे त्याला बारक्याचं खूळ म्हणून हसायचो. माझ्या मोटारीच्या स्क्रूच्या आट्यांतही तसाच सैलपणा होता. या बाजूने आली तर सळी एका जागी थांबायची, त्या बाजूने आली तर दुसऱ्या.

सोमवारी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली, सळीने आधी जास्त बाहेर जायचं आणि नेहमी त्याच बाजूने आत यायचं, आणि सहाही जागा गपगुमान जिथल्या तिथे. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले. पाकिटात दुसरा कागद आहे, तो नवा अहवाल. दोष जुळवणीचा नव्हता, आराखड्याचा होता, आणि आराखडा माझा, असं त्यात लिहिलंय. साहेब म्हणाले, आता कशाला उकरून काढता? तरी सही केली आणि गिऱ्हाइकालाही प्रत पाठवली. त्या जुन्या अहवालाचं ऐकून ज्यांनी ज्यांनी तुला नोकरी न देता दारातून परत पाठवलं, त्यांना हा दाखव. आई म्हणाली, हल्ली मिक्सर दुरुस्त करतोस; त्यासाठीचे हात नाहीत रे ते. चुकले मी. इथे परत यायचं की नाही, ते तू ठरव. फक्त त्या ओळीला नाव द्यावं लागतं, मी 'बारक्याचं खूळ' असं दिलंय. आवडलं नाही, तर स्वतः येऊन बदल.

तुझीच, अजून टपली मारायला हात शिवशिवणारी,
ताई