महागाची झापड

५ जानेवारी

आज झरी गावात आले. गंगाखेडहून निघताना आई रडली, मला मात्र फार हलकं वाटतंय. नर्सिंगचा कोर्स झाल्यापासून पहिल्यांदाच स्वतःची खाट, स्वतःची खिडकी, आणि खिडकीबाहेर घाट्यांनी लगडलेला हरभरा. माणिकरावांचा बंगला नवाकोरा, दारात पांढरी गाडी. त्यांच्या आईंना, सारजाबाईंना, सांभाळायचं. पडल्यापासून त्यांचं कमरेखालचं अंग गेलंय, डोकं मात्र लख्ख. माझी खाट त्यांच्याच खोलीत. माणिकरावांच्या मंडळी शिवकन्याताई, त्यांनी तव्यावरची भाकरी वाढली. माझ्या आधी कुसुमबाई होती, ती नवऱ्यामागं ऊसतोडीला गेली म्हणाल्या. सारजाबाईंनी तेवढ्यात भिंतीकडं तोंड फिरवलं. म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं.

८ जानेवारी

पुण्याहून नातू जीवनने आजीसाठी दोन व्हीआर हेडसेट पाठवलेत. एक साधा, एक लाखाच्या वरचा. वापरून बघायचे, एक ठेवायचा, दुसरा मुदतीत परत. पारख माझ्याकडं. माणिकरावांनी बाजारात बैल बघावा तसे दोन्ही उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "राजेश्रीबाई, एवढ्या पैशात ह्याच्यात जास्तीचं काय दिसतं ते सांगा."

आजीचं माहेर चारठाणा. तिथली देवळं जीवनने चारी बाजूंनी चित्रित करून आत भरलीत. साध्यात खांब पुसट, मान वळवली की चित्र मागाहून सरकत येतं, नाकावर वळ उठतो. महागाचा चेहऱ्यावर नेमका बसतो आणि दगडावरची छिन्नीची खूणसुद्धा दाखवतो. सारजाबाईंनी हवेत हात लांबवून खांब चाचपला, आणि हसल्या. दोन्हींना त्या झापड म्हणतात, घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर असते तशी. मला तर महागाचाच ठेवावासा वाटतो.

१० जानेवारी

चित्र थांबवलं की समोरच्या कॅमेऱ्यांतून आपली खरी खोली दिसते. साध्यात करडी, दाणेदार. महागात डोळ्यांनी दिसावी तशी.

आज दुपारी देवळं बघून झाल्यावर सारजाबाईंनी माझ्या खाटेकडं बोट केलं. ती कोण बसलीय, असं विचारलं. खाट रिकामी होती. त्यांच्या डोळ्यांवरचा महागाचा हेडसेट काढून मी स्वतः लावला. माझ्या घडी केलेल्या चादरीवर एक बाई पाठमोरी बसलेली. हिरव्या काठाचं पातळ, ब्लाउजला मागं ठिगळ. ठिगळाचे टाकेसुद्धा दिसत होते. हेडसेट काढला, कोणी नाही. साध्यातून बघितलं तर त्या जागी नुसता डाग, ओल आल्यासारखा.

जीवनला फोन केला. एवढ्या किमतीच्या वस्तूत असला दोष नसतो, म्हणाला.

१२ जानेवारी

ती अर्धी वळलीय. एक हात छातीवर दाबलेला, दुसरा वर उचललेला.

शिवकन्याताईंना सांगितलं. त्या तूर निवडत होत्या. हात थांबला, परत चालू झाला. गावात हे बोलू नका, एवढंच म्हणाल्या.

मग सारजाबाईच बोलल्या, भिंतीकडं बघत. "कुसुम हाय ती. कुटं गेली न्हाई, पोरी. ह्याच खाटंवर मेली. छातीत लय कळा यायल्यात म्हनली. गाडी दारात उभी व्हती. माणिक म्हनला, सकाळी बघू. मला तर उठताच येईना." तिचा नवरा तेव्हा ऊसतोडीला, कारखान्यावर होता. तो पोचेपर्यंत माती देऊन झाली होती.

मी त्या खाटेवर आठवडाभर झोपलेय.

१३ जानेवारी

माणिकराव विचारायला आले, कोणता ठेवायचा. मी महागाचा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि त्यांना खाटेकडं वळवलं.

त्यांनी एक पाऊल मागं घेतलं. मग हेडसेट काढून उपरण्यानं तोंड पुसलं, आणि आपल्या हातानं खोक्यात घातला. महागाचा परत करा म्हणाले. आईला साधा पुरे. "समदंच सोच्छ दिसायची गरज न्हाई."

इतक्या दिवसांत त्यांना दोन्हींतला फरक पहिल्यांदा पटला.

१४ जानेवारी

संक्रांत. खोकं गेलं. शिवकन्याताईंनी तीळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाल्या, कुठं बोलू नका. नोकरी सोडते म्हटलं. महिना भरल्याशिवाय पगार नाही, म्हणाल्या. मी थांबले. घरी पैसे लागतात. त्यांना हे माहीत आहे.

१५ जानेवारी

खाली अंथरूण टाकून झोपले. उठले तेव्हा खाटेवर होते.

साध्या हेडसेटमधला डाग मोठा झालाय. सारजाबाई तो डोळ्यांवरून काढू देत नाहीत. कुसुम एकटी पडती, म्हणतात.

१६ जानेवारी

छातीत जड वाटतंय. थंडी असेल. माझं वय ते काय—

१७ जानेवारी

कळ डाव्या हातात उतरली. मी नर्स आहे, हे काय असतं मला कळतं. माणिकरावांना सांगितलं. दवाखान्यात न्या, आत्ता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खाटेकडं. सकाळी बघू, म्हणाले.

पुण्याला जीवनला लावते म्हणून शिवकन्याताई माझा फोन घेऊन गेल्या. परत दिलाच नाही—

१८ जानेवारी

सकाळ झाली. गाडी नाही. सगळे परभणीला लग्नाला गेलेत. हाका मारल्या. रस्त्यापर्यंत आवाज जात नाही.

घाम. अक्षर हलतंय.

सारजाबाई त्यांच्या खाटेवरून बोलतात. डोळ्यांवर साधाच आहे, पण आता त्यातही लख्ख दिसायलंय म्हणतात. कुसुम पूर्ण वळलीय. माझ्याजवळ—

मी डोळ्यांना काही लावलेलं नाही. हिरवा काठ माझ्या उशाशी आहे.

तिचा तो उचललेला हात. मला वाटलं होतं, मला धरायला. नाही. दाराकडं करतेय. दिसला तेव्हापासून दाराकडंच—

सारजाबाई रडायल्यात. ऊठ पोरी, ती तुला जा म्हनायलीय, ऊठ.

उठते. दार लांब नाही. पाय—