ह्यांना न कळलेला चटका

१९ एप्रिल
उत्रोलीच्या देवळात मधुमेह शिबिर. चपला अर्थात बाहेर. पायांच्या टेबलावरच्या मुलीने ह्यांच्या तळव्याला दोरा टेकवला. "डोळे मिटा काका. कळतंय?" काही कळेना. "अनवाणी अजिबात चालायचं नाही हं!" छान. आणि गोळ्यांची रांग? मागच्या अंगणात, भर उन्हात, फरशीवर. चपला पुढच्या दाराशी. हे तसेच अनवाणी उभे. मी आत, डोळ्यांच्या टेबलाशी वाद घालत.

२० एप्रिल
उजव्या पायाच्या अंगठ्याखाली टपोरा फोड. "दुखतं?" "छे." हे "छे" ऐकून लगेच फोन केला.
शिबिरातल्या नर्सबाई आल्या. (सिस्टर म्हणायचं. कॉन्व्हेंट शाळेच्या सवयीने हा शब्द आला की मी अजून ताठ बसते.) त्यांना फाडफाड बोलले. "मॅडम, चपला घाला म्हनलं की लोक म्हनत्यात, देवाम्होरं? आमी काय करावं?"
पायवाल्यांना गोळ्यांची रांग माहीत नाही, गोळ्यावाल्यांना पाय माहीत नाहीत. आणि देऊळ एकच!

२७ एप्रिल
फोड फुटून जखम. कड काळी. भोरचे डॉ. क. म्हणतात, औषध देऊ, थांबू. पुण्याचे सर्जन म्हणतात, अंगठा काढा, नाहीतर पाऊल जाईल. एकमेकांशी बोलाल का? डॉ. क.: "त्यांचं मत त्यांच्यापाशी." आणि अंगठा कुणापाशी?
 

२९ एप्रिल
डॉ. क. यांच्या केबिनमध्ये ठाण मांडलं. "पुण्याला फोन लावा. तोवर उठत नाही." बाहेर पेशंट खोळंबले, कंपाउंडर डोकावून गेला. शेवटी लावला. आधी कडक इस्त्रीचं इंग्रजी, मग माणसांसारखे बोलले. ठरलं: सोमवारपर्यंत थांबायचं. सिस्टर रोज घरी येणार, फोटो दोघांनाही. काळं वर सरकलं तर लगेच पुणे.
हे म्हणाले, "डॉक्टरला घाबरवलंस म्हणे!"
गाढव माणूस. घाबरलेय कोण?

१ मे
काळं तेवढंच. की जरा जास्त? मी रोज विचारते, दुखतं? आज चिडून म्हटलं, एकदा तरी हो म्हणा हो! दुखलं म्हणजे तिथे जीव आहे, एवढंच मला कळतं.

३ मे, रविवार
सिस्टरनी कडेला दाबलं. ह्यांनी "स्स्" केलं.
"काका, दुखलं व्हय?"
"थोडंसं." माझ्याकडे बघून.
सिस्टरनी तिथल्या तिथे दोन्ही डॉक्टरांना कळवलं. अंगठा ठेवायचा की काढायचा, उद्या ह्याच्यावरच ठरवतील.
ह्यांना अजून विचारलं नाही, खरंच दुखलं का, की मी म्हटलं म्हणून. जीभ उचलत नाही. माझी!