खिडकीतलं जोडपं

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दुपारी बाब्याचा फोन. फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये एका बाईंचा ऑपरेशन झालेला गुडघा वाकवत होते, तसाच कानाशी धरला — फोन, गुडघा नव्हे.

"काकू, आज संध्याकाळी तू आणि काका येऊन बसाल का? काही करायचं नाही. फक्त बसायचं. खिडकीत."

खिडकीत का, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कुणीतरी जेवताना दिसलं पाहिजे. रिकाम्या हॉटेलात माणूस शिरत नाही. मित्र बसवून झाले. ते फोनमध्ये डोकं घालतात, नाहीतर बिअर पिऊन मोठ्यानं वाद घालतात. "तुमच्यासारखं जोडपं हवं. मुरलेलं."

मुरलेलं!

हो म्हणाले. नाही कसं म्हणणार? डिसेंबरपासून तो, म्हणजे माझा नवरा, वेगळा राहतो हे त्याच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. ऑफिसजवळ खोली घेतलीय ती 'कामाच्या सोयीसाठी', असं सांगितलंय. बाब्या त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. त्या घरात आधीच धुसफूस आहे. पोरानं चांगली नोकरी सोडून दारू विकायला काढली म्हणून भाऊजी त्याच्याशी बोलत नाहीत. म्हणून आमचं ठरलंय: बाब्याचं हॉटेल एकदा चालायला लागलं की मग आपलं सांगायचं. "एका घरात एका वेळी एकच वादळ पुरे." हे त्याचं वाक्य. मला पटलं होतं.

त्याला कळवलं. "गुरुवारी मला जमतं," म्हणाला. एवढंच.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काल जाऊन आलो.

पूर्वी तिथे चपलांचं दुकान होतं. आता भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या टाकल्यात, तारांना नुसते दिवे लोंबतायत. आठ टेबलं. मागच्या भिंतीला बार, त्याच्यासमोर उंच स्टुलं, पाठ नसलेली. असल्या स्टुलांवर लोक रोज बसायला लागले तर आमचं क्लिनिक कधी बंद पडायचं नाही. बाब्याला तसं सांगितलं. "काकू, आधी कुणी बसू तर दे!"

मेनू म्हणजे एक जाड कागद. प्रत्येक पदार्थाला तीनच शब्द. 'भोपळा. राख. लिंबू.' तो बराच वेळ ते वाचत होता. मग बाब्याला विचारलं, "राख मुद्दाम घालतोस की पडते?" बाब्या हसला नाही. भोपळा मात्र छान होता. निखाऱ्यात पुरून भाजलेला, आत मऊ, जवळजवळ गोड.

बारमागे बाब्याची भागीदार असते. केस अगदी बारीक कापलेली, बोलायला गोड मुलगी. तिनं माझ्या ग्लासात एक हिरवी काडी खोचून दिली. प्यायला गेलं की काडी नाकात! मी दोनतीनदा प्रयत्न केला. मग त्यानंच हात लांबवून ती काढली आणि टिश्यूवर ठेवली.

बाब्याच्या सूचना: हळू जेवा. मधूनमधून हसा. रस्त्याकडे बघू नका, एकमेकांकडे बघा.

एकमेकांकडे बघा! बघायचं कुठे हेच सुचेना. सवय गेलीय. मग मी कामावर बघते तसं बघितलं. डावा खांदा वर ओढलेला, मान उजवीकडे वळताना अडते. म्हटलं, "गादी कशी आहे तिथली?"

"पातळ."

"आणि उशी?"

"दोन घेतो."

"एकच घे."

दोन महिन्यांतलं आमचं हे पहिलं संभाषण, ज्यात वीजबिल नव्हतं.

दोन टेबलं भरली. बाब्याला केवढा आनंद! म्हणाला, दर गुरुवारी या.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

गेलो. तो आधीच येऊन बसला होता. एकच उशी घेतोय म्हणे.

रविवार, १५ फेब्रुवारी

जाऊबाईंचा फोन. त्या 'बार' हा शब्द उच्चारत नाहीत. "बाब्याचं ते खानपान," म्हणतात. आवाज हळू, कारण भाऊजी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत असावेत.

"तुम्ही दोघं जाता ना गं तिकडे, फार बरं वाटतं. पोराला घरचं कुणीतरी आहे असं वाटतं. आमचे हे म्हणजे… जाऊ दे. तुमचं बरं आहे. तुमच्यात कधी आवाज चढलेला मी ऐकला नाही."

खरं आहे. चढला नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. आमच्याकडे नुसत्या सूचना उरल्या. दूध संपलंय. चावी खाली ठेवलीय. पंखा बंद कर. मूल नाही, त्यामुळे सूचना देण्याघेण्यात तिसरं माणूसही नाही. एका रविवारी त्यानं विचारलं, "मी बाहेर राहिलो तर?" मी म्हटलं, "राहा." पेशंटला 'आता कुशीवर वळा' सांगते, त्याच आवाजात.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज मासा घेतला. 'मासा. लोणी. धूर.' धूर कुठे ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

तो लिफ्टबद्दल बोलत होता. त्याचं कामच ते, बंद पडलेल्या लिफ्ट चालू करायच्या. वीस वर्षं ऐकतेय, पण आज ऐकलं. म्हणे बटण आधीच लागलेलं दिसत असलं तरी प्रत्येक माणूस येऊन ते पुन्हा दाबतो.

"तू पण दाबतेस."

"मी? कधीच नाही."

"दाबतेस. दोनदा. आणि मग पिशवी या हातातून त्या हातात घेतेस."

हसायला आलं. बाब्यानं लांबून अंगठा वर केला. त्याला वाटलं, मी सांगितल्याबरहुकूम हसतेय.

बाकीच्या टेबलांपैकी एकच भरलं. बाब्या पुसलेले ग्लास पुन्हा पुसत होता. आणि मी, खरं तेच लिहायचं तर, फार वाईट वाटून घेत नव्हते.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

आज जे केलं ते इथेच लिहिते. दुसरीकडे कुठे सांगणार?

काचेबाहेर एक जोडपं थांबलं. आमच्याहून तरुण. काचेवरचा मेनू वाचला, आत डोकावलं. तिची आणि माझी नजर भिडली. तिनं भुवया उंचावल्या. कसं आहे? यावं का?

मी मान हलवली. नाही म्हणून. अगदी थोडी.

ती त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. दोघं पुढे गेली.

ठरवून केलं नाही. म्हणजे मानेनं आधी केलं आणि मला मागाहून कळलं. हॉटेल चाललं की सांगायचं, असं ठरलंय. तर मग ते न चाललेलं बरं — इतकं सोपं आणि इतकं हलकट!

तो ताटलीतला पाव मोडत होता. खाली बघत. मला वाटतं, त्यानं पाहिलं नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सकाळी बाब्याचा फोन. आवाजात जोर नाही. "काकू, काल तुम्ही धरून पाच माणसं. मार्च असाच गेला तर मी शटर ओढणार. बाबा बरोबरच म्हणत होते."

मी म्हटलं, "असं बोलू नये." दुसरं काय म्हणणार? दिवसभर हातात जोर नव्हता. एका आजोबांनी विचारलं, "आज तुमचंच दुखतंय का काही?"

सोमवार, २ मार्च

क्लिनिकमध्ये सांगून टाकलं: बुधवारी सगळ्यांनी माझ्या पुतण्याकडे जेवायला यायचं. डॉक्टरबाईंनी विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, सहजच.

बुधवार, ४ मार्च

अख्खं क्लिनिक नेलं. दोन टेबलं जोडावी लागली. बाब्याची नुसती धावपळ. नाचत होता पोरगा. डॉक्टरबाईंनी स्टुलांची वरपासून खालपर्यंत तपासणी केली आणि मग त्याच स्टुलावर चढून बसल्या, उतरायला तयार नाहीत. आमची रिसेप्शनिस्ट जेवली कमी, फोटो जास्त काढले. भोपळ्याचे काढले, माझ्या ग्लासातल्या काडीचेही काढले.

बरं वाटलं. फेडल्यासारखं नव्हे, पण बरं.

गुरुवार, ५ मार्च

रिसेप्शनिस्टचे फोटो म्हणे नेटवर कुठल्या कुठे गेलेत. तिचं एवढं कुणी ऐकतं हे मला ठाऊक नव्हतं. क्लिनिकमध्ये तर कुणी ऐकत नाही. आज सहा टेबलं भरली. आत इतका गलका की त्याला माझ्याकडे वाकून बोलावं लागत होतं. दाढी करताना हनुवटीखाली एक पट्टा राहतो, तो अजून राहतो.

"चालणार आता हे," तो म्हणाला.

"हो."

मग आम्ही बराच वेळ पावाला लोणी लावत बसलो.

गुरुवार, १२ मार्च

भाऊजी आले!

बाहेर रांग होती. रांगेतच उभे होते, जाऊबाईंना घेऊन, इस्त्रीचा शर्ट, तोंडावर तपासणीला आल्याचा भाव. बाब्यानं पाहिलं आणि त्याच्या हातातला ट्रे तिरका झाला. आमच्या शेजारचं टेबल रिकामं झालं, तिथे त्यांना बसवलं. बारमागची मुलगी स्वतः विचारायला आली. "काय घेणार काका?" — "पाणी. नुसतं पाणी." तिनं पाणी आणलं, त्यातही हिरवी काडी. भाऊजींनी काडीकडे बघितलं, मग मुलाकडे. भोपळा मागवला. संपवला. मग बाब्याला म्हणाले — कित्येक महिन्यांनी — "अजून एक आण. राख जरा कमी."

जाऊबाई पदराआड डोळे पुसत होत्या. बाब्या आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

नंतर भाऊजी आमच्याकडे वळले. "तुम्ही दोघं दर गुरुवारी येता म्हणे?"

"हो दादा," तो म्हणाला.

"चांगलं आहे." थोडं थांबून, "हिला मी असं कुठे कधी नेलंच नाही."

तो टेबलक्लॉथची घडी नीट करत बसला. टेबलक्लॉथ नव्हताच, टिश्यू होता.

निघताना बाब्यानं मला बाजूला घेतलं. "काकू, रागावू नकोस हं. पुढचा गुरुवार झाला की खिडकीचं टेबल लागेल मला. बुकिंगं यायला लागलीत. तुमच्यामुळेच झालं सगळं! तुम्ही कधीही या, मी आत कुठेतरी बसवीन."

आत कुठेतरी. म्हटलं, "अरे, त्यात काय रागवायचं?"

रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "आता सांगायला हवं."

"हवं."

त्याची बस आधी आली.

रविवार, १५ मार्च

फोनवर ठरलं. येत्या रविवारी, बावीसला, दोघांनी मिळून भाऊजींकडे जायचं. सुरुवात मी करायची. "तुला बोलायला जमतं," म्हणाला. कुणी सांगितलं त्याला!

मंगळवार, १७ मार्च

आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं. 'आम्ही दोघांनी ठरवलंय' इथपर्यंत ठीक जातं. 'दोघांनी' म्हटल्यावर पुढचं विचित्र वाटतं.

कपाटाच्या वरच्या फळीवर त्याची जुनी उशी सापडली. ऊन दाखवलं. का, ते माहीत नाही.

गुरुवार, १९ मार्च

शेवटचा गुरुवार. सगळं खाऊन झालं होतं. ताटल्या उचलून नेल्या होत्या. बोलायचं ते रविवारसाठी राखून ठेवलेलं. काचेबाहेर रांग. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईनं त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या. झालं का तुमचं? उठताय का?

त्यानं मान हलवली. नाही म्हणून. अगदी थोडी — मी त्या दिवशी हलवली होती, तितकीच.

माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "त्या दिवशी मी पाव मोडत होतो. आंधळा नव्हतो."

मी बाब्याला हात केला आणि मेनू परत मागवला.