कोटाची पाठ

गुरुवार, दि. ९

चि. भुंग्यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं खोकं सोमवारी सुखरूप पोचलं. आत खेळाचं यंत्र एक, हातात धरायचे रिमोट दोन, तबकडी एक. टपालवाल्यानं वर चढवल्याचे वीस मागितले, दहावर मिटवलं. टीव्हीला जोडायची वायर आखूड पडली, नवी आणली, नव्वद. बाकी खर्च नाही. इकडे देवाच्या दयेनं ठीक आहे. दुकानाचं पुढं लिहिते.

काल ताईनं सगळं जोडून दिलं आणि मी बघतच राहिले रे! तू बनवलेल्या आधीच्या चारही खेळांत ते दोघे मारामारी करणारे दोरीवर वाळत घातल्यासारखे होते. सरकले तर पुढं, नाहीतर मागं. आता तुझा कोटवाला चक्क बाजूला पाऊल टाकतो, समोरच्याचा ठोसा हवेत जातो, आणि आपण त्याच्याभोवती फिरून येतो. आजवर भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले आणि आता मूर्तीभोवती फिरले, असं झालं. ताई म्हणते, "आई, नमस्कार नंतर कर, तुझा माणूस मार खातोय."

बाबा आतल्या खोलीत होते. तुझं नाव निघालं की उठून गॅलरीत जातात, काल गेले नाहीत.

तू पहिला खेळ घरी दाखवायला आणलास, तेव्हा म्हणाले होते ना, "कोटवाला वळला की डावीकडचा खिसा उजवीकडं जातो. असला कोट शिवणाऱ्या शिंप्याला कोपरापासून नमस्कार." तू एकच चित्र आरशातल्यासारखं उलटं करून दोन्हीकडे वापरायचास, हे त्यांना कुठं ठाऊक! तेवढ्यावरून तू बॅग उचललीस, त्यांनी अबोला धरला. बाप-लेक एकाच कापडाचे.

तर काल बाबांनी दारात येऊन विचारलं, "खिसा कुठंय?"

"डावीकडं," मी म्हटलं.

"वळव त्याला."

वळवला. "डावीकडंच आहे हो!"

स्टूल ओढून टीव्हीपुढं हातभर अंतरावर बसले. "आता त्याची पाठ कर इकडं. काय दिसतं ते सांग."

भुंग्या, आता लपवून काय करू. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. सुईत दोरा जाईना, म्हणून दुकान दोन महिने बंद आहे. ऑपरेशनचं काढलं की म्हणतात, "शिवायचं ते शिवून झालं. आता बघायचं काय राहिलंय?" तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. ती मोडते, देव सांभाळून घेईल.

मी सांगत गेले. मधोमध चुणी आहे. कमरेला पट्टी. खांदे मात्र सारखे नाहीत, उजवा अर्धं बोट उतरलाय.

त्यांचा हात आपसूक स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला. मशीनवर वाकून वाकून उतरलेला तो खांदा. लहानपणी चिंध्यांच्या ढिगात बसून तू तेवढाच तर बघायचास.

मग म्हणाले, "डॉक्टरांना तारीख विचार. पाठ नीट बसलीय का, हे दुसऱ्याच्या डोळ्यांनी कळत नाही."

आज सकाळीच विचारून आले. पहिला डोळा बावीस तारखेला. पट्टी तेविसाला सुटेल. तुला बोलाव असं ते म्हणाले नाहीत, म्हणणारही नाहीत. पण मी दुसरा रिमोट कपाटात ठेवायला गेले तर म्हणाले, "राहू दे बाहेर. लागेल."

येतोस ना? उलट टपाली कळव. एक ओळ पुरे, पण मोठ्या अक्षरात लिही. ती त्यांनाच वाचायला देणार आहे.

वाट पाहणारी,
तुझी आई