अभिमन्यूच्या परण्यात माझी गिटार

२ एप्रिल, दुपार
गिटार आली. इलेक्ट्रिक, काळी, सोबत पिटुकला ॲम्प. खोक्यावर 'बिगिनर' छापलंय. शिसारी आली. बिगिनर गिटार असेल, मी नाही. चौसाळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला सहा तारांचं काय कौतुक?

मेहुण्याचं, अभिमन्यूचं, लग्न अकरा मेला कड्याला, सासुरवाडीला. परण्याला, म्हणजे नवरदेव घोड्यावरून मारुतीला जातो तेव्हा, लखनचा बँजो ठरलाय. टेंपोवरची तीच ती किरकिर. सासूबाईंना फोन केला. बँजो रद्द करा, परण्याला जावई गिटार वाजवणार. साखराबाई म्हणाल्या, बगा बरं जावईबापू, पोराचं लगीन एकदाच हाय, परण्या मुका जाऊ नये.

उज्ज्वलाने विचारलं, तुम्हाला वाजवता येतंय का? बायकोचा विश्वास हा असा.

संकल्प: रोज दोन तास सराव.

३ एप्रिल
वीस मिनिटं वाजवली. बोटांची सालटी निघाली. दोष माझा नाही. तारा पट्टीपासून फार उंच आहेत. याला ॲक्शन म्हणतात. स्वस्त गिटारची ॲक्शन वाईटच असते, असं व्हिडिओतला दाढीवाला म्हणाला. आधी सेटअप, मग सराव. पटलं. आमच्या धंद्यातही हेच. गिऱ्हाईक काहीही सांगो, आधी उघडायचं.

सराव उद्यापासून.

७ एप्रिल
तारा खाली घेतल्या. बोटं खूश. पण आता प्रत्येक सुरात झर्रझर्र, काचेच्या ग्लासात माशी अडकल्यासारखी. गिटारच्या मानेच्या आत एक लोखंडी रॉड असतो, तो पिळायचा. जमीलच्या गॅरेजात गेलो, कारण एलन की, म्हणजे सहाकोनी चावी, त्याच्याकडे. मी पिळत असताना जमील मला म्हणाला, उत्तऱ्या, ट्रॅक्टर हाय का बे ते? कावून एवढा जोर लावतो? ग्रीसमध्ये कोपरापर्यंत बुडालेल्या माणसाने कलेवर बोलू नये. मान जरा वाकली, पण सुधारेल.

१५ एप्रिल
वरच्या टोकाला तारा बसतात ती प्लास्टिकची पट्टी घासली. जास्त घासली गेली. त्यावर उपाय आहे: खाण्याचा सोडा आणि सुपर ग्लू. खाचा भरल्या, पुन्हा कोरल्या. बजेटमध्ये फर्स्ट क्लास काम. दोन बोटं चोवीस तास एकमेकांना चिकटून होती, त्यामुळे सराव शक्यच नव्हता.

उज्ज्वलाची भजी आज दगडासारखी झाली. सोडा कुठं गेला म्हणाली. मी विषय वाढवला नाही. मग म्हणाली, गाणं कुठवर आलं? गाणं! गाण्याला अजून गिटारच तयार नाही, हे या घरात कुणाला समजत नाही.

२४ एप्रिल
ॲम्प लावला की घुंईं आवाज. गिटारला आतून सगळीकडे पोळ्या गुंडाळायचा फॉइल चिकटवला. घुंईं गेलं. आता टक्, टक्, टक्. दोन दिवस सोल्डरिंग तपासलं. शेवटी कळलं, घरामागच्या धोंडीरामच्या मक्याला रानडुकरांसाठी तारेचं कुंपण आहे, त्याचं झटका मशीन माझ्या गिटारमधून बोलतंय.

धोंडीरामला सांगितलं, संध्याकाळी दोन तास मशीन बंद ठेवा. तो म्हणाला, तुमच्या टुणटुणीपायी डुकरं जेवायला बशिवतो का काय? या माणसांचा वीट आलाय. इथे कणसाला किंमत आहे, कलेला नाही.

विचार केला. टक् टक् तालात आहे. फुकटचा तालमास्तर मिळाला. उद्यापासून याच्याबरोबर सराव.

२ मे
सराव झाला नाही. कारण पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा चुंबकी भाग, बदलला. मूळचा पिकअप अगदीच भिकार होता. नवा जरा रुंद निघाला, भोकात बसेना. लाकूड कोरलं. थोडं जास्त कोरलं गेलं, पण ते वरच्या प्लास्टिकखाली झाकलं जातं. आता ही गिटार बिगिनर राहिलेली नाही.

६ मे
घामाने तारा गंजल्या. किळस येते हात लावायला. नव्या मागवल्यात.

उज्ज्वला हटूनच बसली, एक तरी वाजवून दाखवा. दाखवलं. संपल्यावर म्हणाली, सूर लावून झाले असतील तर आता गाणं वाजवा.

मग आतल्या खोलीत जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत होती. बायकांच्या बोलण्यात मी लक्ष घालत नाही.

११ मे, संध्याकाळ, कडा
लिहून ठेवलंच पाहिजे.

दारात पाहतो तर लखनचा टेंपो, वर बँजो! डोकं सटकलं. उज्ज्वला म्हणाली, रद्द करायचं आई विसरली. मी मन मोठं केलं. म्हटलं, राहू दे, माझ्या साथीला वाजवतील. गॉगल लावून टेंपोवर चढलो. साउंडवाल्या जाकीरने माझी वायर घेऊन मागे लावली.

आणि काय आवाज! भरीव, गोड. झर्रझर्र नाही, घुंईं नाही. मी न शिकलेले तुकडेसुद्धा बोटांतून निघत होते. पोरं अंगावर पडून नाचली. घोड्यावरून अभिमन्यूने मला हात जोडले. साखराबाईंनी डोळे पुसले. सराव सराव करत बसणाऱ्यांची कीव येते. सगळं सेटअपवर असतं.

१२ मे, सकाळ
जाकीरला विचारलं, माझा व्हॉल्यूम कितीवर ठेवला होतास? नोंद करायची होती. तो म्हणाला, कसला व्हॉल्यूम, दाजी? मशीनला भोक एकच हाय, त्याच्यात बँजो. तुमची वायर मागं लोंबत व्हती. उज्ज्वलाताईनंच सांगितलतं. लई खूश दिसत व्हते तुमी, मग मी बी काय बोललो न्हाई.

उज्ज्वला साड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, हो, लखनलाही मीच फोन केला होता. माझं सगळं माहेर तिथं उभं होतं. तुम्हाला कुणी हसलेलं मला बघवलं नसतं.

लखनचा राग आला, जाकीरचा आला. तिचा आणायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मग तिने विचारलं, वाजवताना तुम्हाला कळलं नाही का?

कळलं होतं की, म्हटलं. पहिल्यापासून.

नव्हतं कळलं.